कॅमेरा नंतर घे, आधी एक सीझन कर

पत्र:

ताई, मी घाटंजी तालुक्यातल्या एका गावात राहते. वय 23, बी.ए. झालं आहे. मामाने त्याचा जुना डीएसएलआर दिला तेव्हापासून फोटोंचं वेड लागलं. गावातली डोहाळजेवणं, बारशी, एक साखरपुडा असं फुकटात काढून दिलं, सगळ्यांना आवडलं. आता यातच काम करायचंय. मिररलेस कॅमेरा, दोन लेन्स आणि लॅपटॉप मिळून तीन लाख लागतील. कर्ज काढू का? की आधी पुण्याला जाऊन कोर्स करू? टिपेश्वर अभयारण्य आम्हाला जवळ आहे, तर वाघाचे फोटो विकता येतील का? बाबा म्हणतात, "फोटू काढून कोनाचं पोट भरलं का? बी.एड. कर. अन् पोरीले रातबेराती लोकायच्या लग्नात पाठवू काय?" सोबत माझे काही फोटो पाठवते. नाव छापू नका.

उत्तर:

तुझे फोटो आधी पाहिले, पत्र नंतर वाचलं. पोळ्याचा सजवलेला बैल, तळ्यावरचा सूर्यास्त, धुक्यातली पऱ्हाटी म्हणजे कपाशी, हे सगळं नीट काढलं आहेस, पण असे फोटो आज प्रत्येक गावात दोघा-तिघांच्या मोबाइलमध्ये सापडतील. मी थांबले ती कापूस मोजतानाच्या फोटोवर. संध्याकाळची वेळ, बाभळीच्या फांदीला काटा टांगलेला, त्याला कापसाचं गाठोडं लोंबतंय. मालक मोठ्याने आकडा सांगतोय, बाकीच्या बाया आपापसात बोलतायत, आणि एक बाई मान वर करून नुसती काट्याकडे बघते आहे. तिच्या कमरेची कापूस भरायची ओटी अजून सुटलेली नाही, पदराला बोंडाची काडी चिकटली आहे. वेचणीची मजुरी किलोवर मिळते, हे ज्याच्या घरात माहीत असतं त्यालाच त्या क्षणी मालकाचा चेहरा सोडून त्या बाईवर कॅमेरा धरायचं सुचतं. ही नजर तुझ्याकडे आहे आणि ती कुठल्याही कोर्सात मिळत नाही. तेव्हा "मला जमेल का" ही शंका मनातून काढून टाक.

आता कर्जाचं. तीन लाखांचं कर्ज आत्ता काढू नको. हे मी अगदी ठामपणे सांगते. बारा टक्क्यांनी तीन वर्षांसाठी काढलं तर महिन्याला जवळपास दहा हजारांचा हप्ता बसतो. हप्ता बाराही महिने येतो, लग्नं मात्र बारा महिने नसतात. आषाढी एकादशीला चातुर्मास लागला की मुख्य मुहूर्त थांबतात, ते थेट तुळशीच्या लग्नापर्यंत. म्हणजे ऐन पावसाळ्याचे चार महिने ऑर्डर नावाला आणि हप्ता पूर्ण. एखाद्या वर्षी उन्हाळ्यात अधिक मास आला की आणखी एक महिना जातो. 2026 चा अधिक ज्येष्ठ असाच ऐन हंगामात पडला, 17 मे ते 15 जून. आणि आपल्याकडची लग्नं मुहूर्तावर जेवढी अवलंबून असतात तेवढीच कापूस-सोयाबीनच्या भावावर. पीक गेलं त्या वर्षी मांडव छोटा होतो, जेवणाचे पदार्थ कमी होतात आणि सगळ्यात आधी कात्री लागते ती फोटो-व्हिडिओच्या खर्चाला. उरलेले पैसे "कापूस विकला की देतो" यावर लांबतात. हे चक्र तुझ्या घरी शेतीत चालूच आहे. त्याच चक्रावर आणखी एक कर्ज उभं करायचं नाही.

मामाचा कॅमेरा अजून चालतो आहे ना, मग त्याच्याकडून आधी पुरतं काम करून घे. कॅमेऱ्यासोबत मिळालेल्या किट लेन्सने हळदीच्या अंधाऱ्या खोलीत अडचण होते, हे तुझ्याच डोहाळजेवणाच्या फोटोंत दिसतंय. फोटो हलले आहेत, कातडीवर दाणे आले आहेत. त्यावर इलाज स्वस्त आहे: 50 एमएमची एफ 1.8 लेन्स, म्हणजे कमी उजेडातही जास्त प्रकाश आत घेणारी. जुन्या बाजारातली चालेल. चेहऱ्यांसाठी ती उत्तम. तुझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे फोटो टिपणारी आतली चकती, छोटा असणार. त्यामुळे चौकटीत कमी भाग मावतो आणि लहान खोलीत या लेन्सने मागे सरकायला जागा पुरत नाही. तिथे किट लेन्सच लाव आणि फ्लॅश वापर. म्हणून दुसरी खरेदी फ्लॅशची. मग एक जादा बॅटरी, दोन चांगली कार्डं आणि एक हार्ड डिस्क. लॅपटॉप घरात नसेल तर जुना घे. एवढ्यासाठीही पैसे कमी पडले तर मुद्रा योजनेतलं शिशु कर्ज 50 हजारांपर्यंत मिळतं आणि त्याला तारण लागत नाही. सातबारा कुठेही ठेवायचा नाही. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंद, करून घे, ती सरकारच्या पोर्टलवर फुकट होते. तिच्यासाठी कुणी पैसे मागितले तर उठून यायचं. एखाद्या ऑर्डरला मोठा कॅमेरा लागलाच तर नागपूर-अमरावतीला दिवसाच्या भाड्याने मिळतो. त्याचं भाडं गिऱ्हाइकाला सांगून हिशेबात धरायचं.

आता मुख्य सल्ला. येता सीझन, तुळशीच्या लग्नापासून जूनपर्यंत, तालुक्याच्या एखाद्या चालत्या स्टुडिओत दुसरा कॅमेरा म्हणून काम कर. स्वतःच्या नावाच्या ऑर्डरी त्यानंतर.

का, ते नीट सांगते. गावातल्या डोहाळजेवणात तू घरची असतेस. बाया तुझ्यासाठी थांबतात, पुन्हा ओटी भरून दाखवतात. लग्नात कुणी थांबत नाही. मे महिन्यातलं दुपारचं लग्न डोळ्यापुढे आण. लाल-पिवळ्या कापडाचा मांडव, वर तळपतं ऊन. कापडातून गाळून येणारा उजेड नवरीच्या गालावर केशरी उतरतो, त्यात तिला हळद लागलेली. कनातीच्या फटीतून उन्हाची एक पट्टी नेमकी नवरदेवाच्या खांद्यावर पडते आणि तिथला कोट पांढराफटक दिसतो. कॅमेरा ऑटोवर असला की दर फोटोला रंग बदलतो. एकात नवरी पिवळी, पुढच्यात जांभळी. छताकडे फ्लॅश मारावा तर छत रंगीत, म्हणजे तोच रंग परत अंगावर येतो. अशा वेळी अनुभवी माणूस मांडवात शिरल्या शिरल्या एक पांढरा कागद धरून व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरा पांढराच दिसेल असा रंगांचा मेळ, ठरवून टाकतो, फोटो रॉमध्ये, म्हणजे नंतर रंग सुधारता येतील अशा कच्च्या फाइलमध्ये काढतो, फ्लॅशवर उजेड मऊ करणारा सॉफ्टबॉक्स लावून समोरून हलका उजेड देतो आणि नवरा-नवरीच्या पाटाची जागा उन्हाच्या पट्टीतून हातभर सरकवता येते का, ते भटजींना आधीच विचारतो. मग अंतरपाट खाली येतो. तेवढा एक क्षण. पुढे भटजी, मागे मामा, चारी बाजूंनी मोबाइल धरलेले हात. त्या वेळी आपण कुठे उभं असायचं हे पुस्तकात लिहिलेलं नसतं. दहा लग्नांत दुसऱ्याच्या मागे उभं राहून ते अंगात मुरतं, आणि तोवर तुझा फोटो चुकला तरी मुख्य कॅमेरावाल्याकडे तो असतो. कुणाचं लग्न वाया जात नाही.

बाकीचं शिक्षणही तिथेच होतं, आणि ते कॅमेऱ्यापेक्षा जास्त मोलाचं आहे. नातेवाइकांच्या ग्रुप फोटोत कुणाला आधी बोलवायचं, रुसलेल्या आत्याला कसं आणायचं, आहेराच्या रांगेत कुणी सुटलं तर सहा महिन्यांनी त्याचा ठपका कुणावर येतो. शूट संपल्यावर त्याच रात्री फोटो दोन ठिकाणी उतरवून ठेवायचे आणि अल्बम हातात जाईपर्यंत ते मिटवायचे नाहीत, ही शिस्त. अल्बमची शीट कशी मांडतात, छपाईला पाठवण्याआधी काय तपासतात. जूनच्या सुमारास कॉलेज आणि भरतीचे फॉर्म सुरू झाले की पासपोर्ट फोटोंची रांग लागते. चार बाय सहाच्या एका कागदावर आठ फोटो बसतात आणि पावसाळ्यात स्टुडिओचं भाडं त्यावर निघतं. हे काम तुला रुक्ष वाटेल, तरी शिकून घे. सामानाची काळजीही तिथेच कळेल: आपल्या उन्हाळ्यात कॅमेरा गाडीच्या डिकीत ठेवायचा नाही, पावसाळ्यात लेन्सला बुरशी लागते म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल टाकून ठेवायचा.

आता बाबांच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते, कारण तो मला पहिल्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो. रात्री लग्नाहून एकटीने परतणं ही खरी अडचण आहे आणि त्यावर "जग बदललंय बाबा" असं उत्तर देऊ नको. बंदोबस्त सांग. स्टुडिओशी बोलतानाच ठरव की संध्याकाळच्या मुहूर्ताच्या लग्नात परतीची गाडी त्यांची, नाहीतर मुक्काम नवरीच्या घरच्या बायांसोबत. पुढे स्वतःच्या ऑर्डरी घेशील तेव्हा सोबतीला भाऊ, मैत्रीण, कुणीतरी हवंच. लाइट धरायला तसाही माणूस लागतो. त्याची मजुरी आणि गाडीभाडं तुझ्या दरात धरलेलं असलं पाहिजे.

आणि बाबांना याची दुसरी बाजूही सांग. तू मुलगी आहेस हा या धंद्यात तुझा मोठा आधार आहे. आपल्याकडच्या गावांत फोटोवाला म्हणजे पुरुष. नवरीला हळद लावताना, न्हाऊ घालताना, साडी नेसताना, बांगड्या भरताना बाया त्याला बाहेर काढतात किंवा स्वतः आखडून बसतात. त्यामुळे कितीतरी अल्बमांमध्ये हळदीचे फोटो म्हणजे रांगेत बसलेल्या गंभीर बाया. तुझ्या डोहाळजेवणाच्या फोटोत त्या म्हाताऱ्या आजी तोंडाला पदर न लावता हसल्या आहेत, कारण कॅमेऱ्यामागे गावातली पोर होती. हळद, डोहाळजेवण, बारसं, बाळंतिणीचे आणि तान्ह्या बाळाचे फोटो, हळदीकुंकू हे सगळे बहुतेक दिवसाउजेडी होणारे कार्यक्रम आहेत. नवजात बाळासाठी तर खिडकीचा उजेड फ्लॅशपेक्षा बरा. वर्षभरानंतर स्वतःच्या नावाने सुरुवात याच कामांनी कर. यांतली बरीच चातुर्मासातही होतात, म्हणजे रिकाम्या महिन्यांचाही थोडा प्रश्न सुटतो.

दर ठरवताना लाजू नको. "आपल्याच पोरीले काय पैसे द्याचे" हे वाक्य तुला वर्षानुवर्षं ऐकावं लागणार आहे. नात्यातल्या लग्नात हवं तर मोठा फोटो फ्रेम करून आहेरात दे, पण काम केलं तर कागदावर लिहून कर. हिशेब असा मांड. धर, सगळ्या सामानात 1,20,000 रुपये गुंतले आणि ते चार वर्षं चाललं. वर्षाला 20 ऑर्डरी म्हणजे चार वर्षांत 80. एकेका ऑर्डरवर 1,500 रुपये नुसती सामानाची झीज बसली. त्यावर गाडी, सोबतीचा माणूस, अल्बमची छपाई. त्यावर तुझी मजुरी, आणि ती एका दिवसाची धरायची नाही. एक दिवस शूट केलं की फोटो निवडायला आणि सुधारायला दोन-तीन दिवस जातात. एवढं मांडल्यावर जो आकडा येतो त्याच्या खाली उतरलीस तर तू खिशातून लग्न लावतेस. इसार घेतल्याशिवाय तारीख अडकवायची नाही, मोठा हिस्सा लग्नाच्या दिवशी, उरलेला अल्बम देताना. इसार न घेता केलेले आणि कुणी न्यायलाच न आलेले अल्बम कपाटात पडून असतात, कुठल्याही स्टुडिओत विचारून बघ.

त्या लिहिलेल्या कागदात एक ओळ विसरू नको. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 प्रमाणे, कुणी पैसे देऊन स्वतःसाठी फोटो काढून घेतले आणि वेगळा करार केलेला नसेल, तर त्या फोटोंचा पहिला मालक पैसे देणारा ठरतो. म्हणजे लग्नाचे फोटो तुझ्या इन्स्टाग्रामवर टाकायचे तर परवानगी आधी घ्यायची, आणि ती नवरीला स्वतःला विचारून घ्यायची. तिच्या सासरच्यांना ते चालेल का, हे तिलाच ठाऊक असतं. तू आपल्या मनाने, कुणाच्या नोकरीत नसताना काढलेला कापसाचा फोटो मात्र तुझाच आहे. वर्तमानपत्राने किंवा कंपनीने मागितला तर नाव आणि मोबदला दोन्ही माग.

कोर्सचं थोडक्यात. एखाद्या सीझननंतर तुला नेमकं काय येत नाही ते कळेल, तेव्हा त्यापुरता छोटा कोर्स कर. पुण्याची एफटीआयआय ही सरकारी फिल्म संस्थाही फोटोग्राफीचे लघु अभ्यासक्रम घेते. आज गेलीस तर वर्षभराची खोली, मेस आणि फी भरून परत याच गावात याच प्रश्नावर उभी राहशील.

वाघाचं त्याहून थोडक्यात. टिपेश्वरला जरूर जा, मन भरून ये. पण ताडोबा, पेंच, टिपेश्वर इथल्या वाघांचे फोटो लाखो-लाखोंच्या लेन्सवाले लोक रोज काढतात आणि बहुतेक जण फुकट वाटतात. त्यावर घर चालवायची अपेक्षा ठेवू नको.

तुझं खरं रान दुसरं आहे. कपाशीवर पातं कधी धरतं, बोंड कधी फुटतं, बोंडअळी लागलेलं फूल डोमकळी होऊन कसं मिटून राहतं, हे शहरातल्या फोटोग्राफरला कुणीतरी हात धरून दाखवावं लागतं. तू ते चालता चालता ओळखतेस. बियाणं-खतांच्या कंपन्या शेतावर मेळावे आणि पीक पाहणी करतात, शेतकरी उत्पादक कंपन्यांना माल विकायला फोटो लागतात, कृषी विज्ञान केंद्रांचे कार्यक्रम असतात. तिथे जाऊन ओळख करून ठेव. उमेद या सरकारी अभियानाच्या बचत गटांतल्या बाया पापड, लोणची, डाळी प्रदर्शनात आणि व्हॉट्सअॅपवर विकतात आणि त्यांचे फोटो ट्यूबलाइटखाली टेबलावर काढलेले असतात. खिडकीशेजारी पांढरी कार्डशीट वाकवून ठेव, समोरून दुसऱ्या कार्डशीटने सावलीत उजेड टाक. या दोन कागदांवर त्यांचं पाकीट दुकानातल्यासारखं दिसेल. पहिल्या गटाकडून कमी पैसे घे, पण घे.

आणि कमाईच्या या सगळ्या कामांपलीकडे कापसाचं काम चालू ठेव, पैशाचा विचार न करता. सुधारक ओलवे अकोल्यात जन्मले. मुंबईतल्या सफाई कामगारांचे फोटो त्यांनी वर्षानुवर्षं काढले, ज्यांच्याकडे शहर बघतही नव्हतं त्या माणसांच्या घरात आणि कामात जाऊन. 2016 साली त्यांना पद्मश्री मिळाली. एकाच विषयापाशी थांबून राहिलं की त्या फोटोंना वजन येतं, आणि विषय जितका आपल्या अंगणातला तितकं आत शिरता येतं. दसऱ्यानंतर वेचणी सुरू होईल. त्याच बायांसोबत पहाटे शेतात जा, जिनिंगपर्यंत त्या कापसाच्या मागे जा, हंगाम संपल्यावर त्यांच्या घरी जा. फोटो काढण्याआधी विचार आणि प्रत्येक चांगला फोटो कागदावर छापून त्या बाईच्या हातात नेऊन दे. कितीतरी मजूर बायांकडे स्वतःचा एकही छापलेला फोटो नसतो, आधार कार्डावरचा सोडला तर.

बी.एड.बद्दल मी बाबांच्या विरुद्ध बोलणार नाही. दोन वर्षांचा अभ्यास आहे. शिकवायची खरी ओढ असेल तर कर, नुसतं घरच्यांना गप्प करायला करू नको. बाबांकडे जूनपर्यंतचा वेळ माग आणि एक वही घाल. कुठल्या दिवशी कुठे गेले, किती मिळाले, किती खर्च झाला, किती उधार राहिलं. शेतकरी माणसाला जमाखर्च वाचता येतो. जूनमध्ये ती वही दोघं मिळून वाचा आणि मग ठरवा.

दिवाळीआधी एवढं कर. तुझे निवडक 20 फोटो चांगल्या कागदावर मोठे छापून घे. त्यांत सूर्यास्त एकच ठेव, बाकी माणसं. ते घेऊन घाटंजी, पांढरकवडा, यवतमाळ इथल्या दोन-तीन स्टुडिओंत जा. मोबाइलवर दाखवू नको, तिथे फोटो अंगठ्याने पुढे सरकवले जातात. पहिल्याच भेटीत चार गोष्टी विचार: दिवसाचे किती, जाण्यायेण्याचं काय, रात्री परत कोण सोडणार, आणि मी काढलेले फोटो माझ्या नावाने दाखवता येतील का. बाबांना सोबत ने. रात्रीचा प्रश्न त्यांनाच विचारू दे, आणि जो मालक त्यांना नीट उत्तर देईल त्याच्याकडे काम धर.